बाई चुकल्या

"बाई चुकल्या!"

तिसऱ्या बाकावरून आरोळी उठली आणि तिच्या पाठोपाठ अख्खा सातवीचा वर्ग उठला. "चुकल्या, चुकल्या, बाई चुकल्या!" कुणी बाक बडवला, कुणी उगाचच पाय आपटले. फळ्यापाशी उभ्या असलेल्या गणिताच्या बाईंनी मात्र चेहरा असा केला, की आपण त्या गावच्याच नाही.

"कोण चुकलं? मी? काहीतरीच! केस पांढरे झाले माझे गणित शिकवण्यात. बसा खाली."

"दुसरी ओळ बघा ना, बाई!" आरोळी ठोकणारी मुलगी कमरेवर हात ठेवून उभी होती. "एक छेद दोन अधिक एक छेद दोन. वरचे आकडे मिळवलेत ते ठीक, पण तुम्ही खालचेपण मिळवलेत. दोन छेद चार आलं. म्हणजे अर्धा पेला पाण्यात अर्धा पेला पाणी ओतलं, तरी पेला अर्धाच?"

"पेला गळका असेल," बाई म्हणाल्या.

वर्ग खदखदून हसला. मुलगी हसली नाही. "पेला गळका असेल तर गणितात तसं लिहिलेलं असतं, बाई."

तिला सगळे वकील म्हणत, ते काही उगीच नव्हे. बाईंनी हरल्यासारखा सुस्कारा सोडला आणि हातातला खडू पुढे केला. "ये, माझे आई. दावा लावलायस तर आता सिद्ध कर." वकील फळ्यापाशी आली, टाचा उंचावून तिने चुकीची ओळ खोडली, बरोबर लिहिली, आणि खडू खिशात टाकून ऐटीत जागेवर गेली. पकडेल त्याचा खडू, असा नियमच होता. खडू तो काय, पण शाळा सोडून गेलेली, पोराबाळांची झालेली माणसंसुद्धा बाईंना रस्त्यात गाठून सांगत, बाई, तुमचा एक खडू अजून आहे हं माझ्याकडे.

या नियमाची कथाही मजेशीर होती. बाई नवीन होत्या तेव्हाची. एकदा शिकवताना त्यांचं लक्ष घरच्या सामानात गेलं आणि समीकरणाच्या मधोमध त्यांनी लिहून टाकलं, साबण, काड्यापेटी, कांदे. मागे वळून बघतात तो काय, सगळा वर्ग माना खाली घालून साबण, काड्यापेटी, कांदे उतरवून घेतोय. एका हुशार मुलाने तर साबणाखाली दोन रेघाही मारल्या होत्या. बाई घरी गेल्या त्या हसत. जेवायला बसल्यावर मात्र त्यांच्या मनात आलं, आपण काहीही लिहिलं तरी ही लेकरं उतरवून घेणार? उद्या दुसऱ्या कुणी काहीही लिहिलं तरी?

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सुरू केलं. रोज तासाला एक चूक करायची, मुद्दाम. कुठे, ते सांगायचं नाही. मुलांनी ती पकडायची. पकडली नाही तर घंटा झाली तरी तास सुटणार नाही. सुरुवातीला दोन-तीनदा मुलांची मधली सुट्टी बुडाली, आणि मग जी त्यांची नजर तयार झाली, की बाईंनाच चूक दडवायला जागा सापडेना.

आताही वर्ग ओरडत होता आणि बाई मनातून खूश होत्या. फक्त फळ्याच्या वर, घड्याळाच्या शेजारी बसवलेल्या साबणाच्या वडीएवढ्या पांढऱ्या पेटीचा दिवा हिरव्याचा लाल झाला होता. बाईंनी तिकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

पेटी गेल्या वर्षी आली. ती ऐकायची, बघायची आणि महिन्याच्या शेवटी प्रत्येक शिक्षकाचा आढावा द्यायची. कोण किती चुकतं, कोण धडा सोडून भरकटतं, कुणाच्या वर्गात गोंधळ होतो. आढावा वाईट आला की त्या वर्गाच्या फळ्यावर पडदा चढायचा. मग शिकवायचं काम पडद्याचं. तो प्रत्येक मुलाच्या कानातल्या बोंडातून त्याच्या-त्याच्या चालीने शिकवायचा. शिक्षकाला काही घरी घालवत नव्हते. पगार तोच राहायचा, फक्त हुद्दा बदलायचा, 'वर्गसोबती'. दाराजवळच्या खुर्चीवर बसून हजेरी बघायची, बोंडं वाटायची, गोळा करायची.

शेजारच्या वर्गातले विज्ञानाचे मिशीवाले सर त्यात पहिले गेले. पेटीचं म्हणणं, हे धड्यापासून फार भरकटतात. खरंच भरकटायचे. बेडकावरून सुरू झाले की चंद्रावर जाऊन यायचे, आणि मुलांना बेडूक आणि चंद्र दोन्ही समजायचे.

"काय करता हो दिवसभर?" बाईंनी एकदा त्यांना विचारलं होतं.

"दार उघडतो, दार लावतो," सर मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले होते. "शंका आली तर पोरं पडद्यालाच पुटपुटतात. हात वर झाला की समजायचं, बाहेर जायचंय. दुसऱ्या कशासाठी वर्गात आता हात वर होतच नाही. तेवढंच माझं खातं. जा म्हणायचं, नाहीतर थांब म्हणायचं."

पडदा वाईट शिकवतो, असं म्हणायचीही सोय नव्हती. चिडत नाही, थकत नाही, कुणाला मठ्ठ म्हणत नाही. कच्च्या मुलाला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला कंटाळत नाही. बाईंनी स्वतः शेजारच्या वर्गाच्या दारात उभं राहून ऐकलं होतं आणि मनात म्हटलं होतं, हे चांगलंय. खोटं कशाला बोला? आणि तो कधी चुकत नाही. बाईंना भीती वाटायची ती नेमकी याच गोष्टीची.

महिना संपला आणि हेडसरांनी बोलावून घेतलं.

"बसा, बाई. चहा घेणार?" हेडसर चहा विचारत तेव्हा बातमी वाईट असे, हे शाळेच्या शिपायालाही ठाऊक होतं.

"चहा राहू दे. पडदा का?"

हेडसरांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. "अहो, पेटी म्हणते तुम्ही रोज चुकता. रोज! मधे एखादा खाडा तरी? वर आरडाओरडा. चुका आणि गोंधळ, दोन्हीत तुमचाच वर्ग वरचा."

"सर, तुमची धाकटी माझ्याच हाताखालून गेली."

"गेली ना. अजून दुकानदाराची आकडेमोड तपासल्याशिवाय पिशवी उचलत नाही. मला सांगू नका हो, मला माहीत आहे. पण पेटीला चूक कळते, मुद्दाम कळत नाही. मी काय करू?"

"पेटीच्या वर कोणी माणूस आहे की नाही?"

होता. हेडसरांनी नको नको म्हणत फोन लावला आणि बाईंनी तो हातातून घेतला. पलीकडच्या तपासणीच्या मॅडम वयाने लहान वाटल्या, दमलेल्या वाटल्या, पण त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "मी स्वतः येऊन एक तास बसते. तुम्ही नेहमीसारखं शिकवा. मुलांनी तुमची चूक पकडली, तर ती चूक नाही, पद्धत आहे, असं मी लिहीन. मग पेटी तुम्हाला त्रास देणार नाही. पण पकडली पाहिजे."

"पकडतील," बाई म्हणाल्या. "डोळे झाकून पकडतील."

फोन ठेवला तसे हेडसर पुटपुटले, "हात दाखवून अवलक्षण!" मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "बाई, एक करा. दोघा-तिघांच्या कानात सांगून ठेवा. ती तुमची वकील आहे ना, तिला सांगा, अमुक ओळीला उठायचं."

"मग ते गणित कसलं, नाटक झालं."

"नाटक तर नाटक! वर्ग वाचतोय ना?"

"सांगून पकडली तर मी त्यांना शिकवलं काय इतकी वर्षं?" बाई उठल्या. "आणि सर, हे इथून बाहेर जाता कामा नये. मॅडम येणार एवढंच कळू दे. अटबिट कुणाला सांगू नका. एका तोंडाची चार तोंडं व्हायला वेळ लागत नाही. मुलांपर्यंत गेलं, तर सगळंच मुसळ केरात."

हेडसरांनी शब्द दिला आणि, नवल म्हणजे, पाळला.

घरी नवऱ्याला मात्र बाईंनी सगळं सांगितलं. नवरा मोटार चालवायला शिकवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या पायांवर विश्वास ठेवून घरी यायचा, त्यामुळे त्याला कशाचंच फारसं आश्चर्य वाटत नसे.

"माझ्या धंद्यात मुद्दाम चूक केली तर गाडी थेट झाडावर," तो म्हणाला. "बरंय बाई तुमचं, खडूने पुसता येतं."

"खडूने लिहितात. पुसतात फडक्याने."

"तेच ते." त्याने भाजी वाढून घेतली. मग म्हणाला, "मी काय म्हणतो, उद्या एक दिवस चुकूच नकोस. सरळ शिकव, तो हिरवा दिवा पदरात पाडून घे आणि ये घरी."

"आणि परवा?"

"परवाचं परवा."

"अहो, परवापण मग सरळच शिकवावं लागेल. तेरवापण. मग माझ्यात आणि त्या पडद्यात फरक काय राहिला? तो तर माझ्यापेक्षा छान बोलतो."

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. तिचा हात ताटावर तसाच थांबला होता. "घाबरलीस?"

"हो," बाई म्हणाल्या. "पोरांची भीती नाही वाटत. ती पकडतील. पण उगाचच धडधडतंय."

सकाळी मॅडम आल्या. खरंच लहान होत्या, बाईंच्या पहिल्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या असतील. शेवटच्या बाकाशेजारी खुर्ची टाकून बसल्या. हेडसर दाराशी उभे राहिले, आत ना बाहेर. मुलं उठली, बसली, आणि बाईंच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की आज वर्ग फार शहाण्यासारखा बसलाय. पाठी ताठ, हातांची घडी. मॅडमना बघून बुजलेत, त्यांनी मनाशी म्हटलं. होतील मोकळे.

त्यांनी फळ्यावर समीकरण लिहिलं. बारा वजा, कंसात क्ष वजा पाच, बरोबर दहा. क्ष किती?

"कंस सोडवूया," त्या म्हणाल्या आणि लिहिलं, बारा वजा क्ष वजा पाच.

चूक झाली होती. कंसाच्या आधी वजा असलं की आतलं वजा बाहेर येताना अधिक होतं, हे त्या वर्गातल्या बाकांनासुद्धा पाठ होतं. गेल्याच आठवड्यात बाईंनी हीच चूक केली होती, तेव्हा खडू फळ्यावरून उचलायच्या आत मागचा बाक ओरडला होता. आज बाईंनी मुद्दाम सोपी चूक निवडली होती. लाज वाटावी इतकी सोपी.

त्या थांबल्या. पेटीचा दिवा लाल झाला. वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावी.

बाईंनी त्या ओळीखाली रेघ मारली. "वजा पाच," त्या सावकाश म्हणाल्या. "कंस काढला. आत वजा पाच होतं, बाहेरही वजा पाचच आलं."

कुणी हललं नाही. त्या वळल्या. सगळ्या माना वह्यांत. सगळी पेनं चालत होती. वकीलसुद्धा लिहीत होती. तोंडातल्या तोंडात हिशेब करताना तिचे ओठ हलत, ही तिची सवय. आज ओठ घट्ट मिटलेले.

असू दे, बाईंनी मनाला समजावलं. उत्तर आल्यावर कळेल. त्यांनी पुढच्या पायऱ्या लिहिल्या. सात वजा क्ष बरोबर दहा. क्ष बरोबर वजा तीन. तीन वेडावाकडा आला. त्या पुढच्या बाकाशी आल्या, मग मधल्या रांगेतून मागपर्यंत गेल्या. प्रत्येक वहीत तीच ओळ होती. बारा वजा क्ष वजा पाच. साबण, काड्यापेटी, कांदे.

"ताळा करायचा का?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "हे उत्तर मूळ समीकरणात घालून बघायचं का कुणाला?"

गप्प.

"नको? मग बरोबर आहे म्हणायचं हे?"

आणि तो वर्ग, जो बाईंनी तारीख चुकीची घातली तरी कोर्टात खेचायचा, तो वर्ग एका सुरात म्हणाला, "हो, बाई!"

दाराशी हेडसरांनी डोळे मिटून घेतले. मॅडमनी काहीतरी टिपलं. बाई फळ्याकडे तोंड करून तशाच उभ्या राहिल्या. पुढे काय शिकवलं, ते त्यांना नंतर कधी आठवलं नाही. घंटा झाली, आणि चूक पकडलेली नसताना तास सुटला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मुलं रांगेने बाहेर गेली. मॅडम फळ्यापाशी आल्या.

"ही मुद्दाम केली होतीत ना?" त्यांनी वजा पाचवर बोट ठेवलं. "मला कळलं. तुम्ही रेघ मारलीत, ताळा विचारलात. मला अगदी वाटत होतं की आता कुणीतरी उठेल."

"रोज उठतात."

"बाई, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही." मॅडमचा आवाज खरंच मऊ होता, आणि त्याचाच जास्त त्रास होत होता. "पण मुद्दाम केली काय नि चुकून केली काय, आज प्रत्येक वहीत चूकच गेली. त्यांचा तुमच्यावर एवढा विश्वास आहे, की ती बघतच नाहीत. मग मी काय लिहू, तुम्हीच सांगा."

बाईंनी फळ्यावरच्या वजा पाचकडे बघितलं. वाद घालायला तरी काहीतरी हातात लागतं. त्या एवढंच म्हणाल्या, "जे बघितलंत ते लिहा."

"सोमवारी पडदा लागेल. सॉरी." मॅडम गेल्या. हेडसर त्यांच्यामागे गेले, जाताना बाईंकडे न बघता.

बाईंनी फडकं उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं. वर्ग गेला, याचं दुःख होतंच. पण त्याहून मोठं काहीतरी आतून ढासळत होतं. या मुलांच्या बाकीच्या तासिका दुसऱ्या वर्गांत पडद्यासमोर जायला लागून वर्ष होत आलं होतं. तेवढ्यात ही आंधळी झाली? माझी पोरं? वकीलसुद्धा? मग आपण इतकी वर्षं केलं काय? बाईंना रडू येईना. ते तरी यायला हवं होतं.

"गेल्या त्या?"

दारात वकील होती. तिच्यामागे सगळा वर्ग एकमेकांच्या खांद्यांवरून आत डोकावत होता.

"गेल्या," बाई म्हणाल्या.

"म्हणजे वाचलात ना तुम्ही?" आणि बाईंच्या उत्तराची वाटही न बघता ती धावत आत आली, मागोमाग सगळी झुंड. एकेकाला एवढं बोलायचं होतं, की कुणाचंच धड ऐकू येईना. "बाई, आम्ही ठरवलं होतं!" "कुणीच बोललं नाही, बघितलंत?" "बाई, हा तर उठायलाच लागला होता, मी याचा शर्ट धरून बसलो!" "मी तर तोंडच दाबलं स्वतःचं!"

"काय ठरवलं होतं?" बाईंनी विचारलं.

"गप्प बसायचं!" वकिलाचे डोळे चमकत होते. "मिशीवाल्या सरांनी काल सांगितलं, उद्या बाईंच्या चुका मोजायला येणार आहेत. एक जरी चूक निघाली, तर बाईंना खुर्चीवर बसवतील आणि पडदा लावतील. मग मी सगळ्यांना सांगितलं, काही झालं तरी हात वर करायचा नाही. तुम्ही नेमकं आजसुद्धा चुकलात! असं करतात का, बाई? आम्ही सगळ्यांनी तेच चुकीचं लिहिलं, म्हणजे त्यांनी वह्या बघितल्या तरी कळायला नको. 'हो, बाई' पण मीच म्हणायला लावलं."

बाई खिडकीचा गज धरून उभ्या राहिल्या. खाली पटांगणात मॅडम गाडीपाशी पोचल्या होत्या. हेडसर त्यांच्याशी काहीतरी बोलत होते. बाईंचा एक पाय दाराकडे वळलाही. अजून वेळ होता. या पोरीचा हात धरायचा, जिना उतरायचा, आणि म्हणायचं, ऐका मॅडम, ही काय सांगते ते ऐका. चूक सगळ्यांनी पकडली होती. एकूण एकाने.

आणि मग मॅडम म्हणतील, मग बोलली का नाहीत? आणि पोरगी सांगेल. आणि मग तिला कळेल. त्या सगळ्यांना कळेल, की बाईंना खुर्चीवर बसवलं ते आपणच. आपल्याच हातांनी, मायेने. कुणी सांगावं, मॅडमना तेही पढवलेलंच वाटेल. पण या पोरीला जे कळेल, ते मात्र कायमचं कळेल.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बाईंच्या मनात आलं. तक्रार कुणाकडे करायची?

खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

"बाई? वाचलात ना?" वकिलाने पुन्हा विचारलं. आता तिच्या आवाजात किंचित शंका होती.

बाई वळल्या आणि हसल्या. त्यांना जमलं. "वाचले गं बाई. तुम्ही मूग गिळून बसलात म्हणून वाचले. नाहीतर आज काही खरं नव्हतं माझं."

वर्गाने जो जल्लोष केला, त्याने शेजारच्या वर्गातून मिशीवाले सर धावत दाराशी आले. मुलांचे चेहरे बघून त्यांची मिशी आनंदाने फुलली. त्यांनी लांबूनच बाईंना अंगठा उंचावून दाखवला. बाईंनी मान हलवली.

"मग आता सांगू?" वकील म्हणाली. "तुमची दुसरी ओळ चुकलीय. वजा पाच नाही, अधिक पाच. क्ष सात येतो. सात वजा पाच दोन, बारा वजा दोन दहा. ताळा मी मनातल्या मनात तेव्हाच केला होता." आणि तिने खडूसाठी हात पुढे केला.

बाईंनी मूठ उघडली. खडू होता, पण घामाने ओला होऊन त्याचे तुकडे झाले होते. "आज राहू दे," त्या म्हणाल्या. "मोडलाय."

सोमवारी मुलं आली तेव्हा फळा दिसत नव्हता. त्याच्यावर भिंतभर पांढरा पडदा चढला होता आणि दाराजवळ एक खुर्ची ठेवली होती. बाई खुर्चीवर बसल्या होत्या. मुलं दारातच अडखळली.

"बाई, हा का लावला? आपण तर जिंकलो ना?"

हा प्रश्न येणार, हे बाईंना माहीत होतं. शनिवार-रविवार त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. "त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "माझा घसा गेलाय. डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून बजावलंय. म्हणून मीच मागून घेतला पडदा. थोडे दिवस."

"मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, बाई," मागच्या बाकावरचा मुलगा काळजीने म्हणाला. "माझी आई करते." बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाईंनी डब्यातली बोंडं वाटली, एकेकाने ती कानात घातली, आणि पडदा उजळला. वर्गात शांतता पसरली. फक्त मधूनच कुणीतरी पडद्याला हळूच काहीतरी विचारत होतं. वरच्या पांढऱ्या पेटीचा दिवा हिरवागार होता.

वकिलाने बोंडं कानात घातली नव्हती. ती गळ्यात लोंबत होती. ती पडद्याकडे नव्हे, बाईंकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते.

बाईंनी नजर वळवली. त्यांनी बाहेर बघितलं, मग उगाचच हजेरी चाळली. वर मान केली तेव्हा वकिलाचा हात वर गेला होता. सरळ, कोपर न वाकवता, रोज जायचा तसा.

"काय गं?" बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा निघाला, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्यांनी तो घाईघाईने खाली आणला. "बाहेर जायचंय?"

हात खाली आला नाही. आजूबाजूच्या कुणाला काही ऐकू येत नव्हतं. "बाई," वकील म्हणाली, "तुम्ही आज..."

"बाहेर जायचं असेल तर जा."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. पडद्यावर एक कंस सुटला, आतलं वजा बाहेर आलं आणि अधिक झालं, अगदी बरोबर. मग मुलीचा हात हळूहळू खाली आला. "हो, बाई," ती म्हणाली. तिला काय काय समजलं होतं, देव जाणे.

ती उठून दाराकडे आली. खुर्चीपाशी पोचली तेव्हा बाईंना राहवेना. पकडेल त्याचा खडू, हा इतक्या वर्षांचा नियम होता, आणि पोरीने आजही पकडलं होतं. त्यांनी पर्स उघडली, तळाशी पडलेला खडूचा एक धड तुकडा शोधून काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

वकिलाने खडूकडे बघितलं, मग पडद्याकडे. फळा त्याच्या मागे होता. तिने मूठ मिटली आणि ती बाहेर गेली. घंटा होईपर्यंत ती व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. बाईंनी तिला आत बोलावलं नाही.